नूरबानूचे दोन अंगठे

कसबा पेठेतल्या मणियारांच्या दुकानात गादी एकच होती आणि तिच्यावर नूरबानू बसायची. गादी म्हणजे काही सिंहासन नव्हे. कापसाची, चौकोनी, एका माणसापुरती, मागे एक दबलेला तक्क्या. पण समोर बसलेल्या बाईच्या हातात काचेच्या बांगड्या भरायच्या त्या या गादीवरूनच आणि त्या नूरबानूनंच. सासूनं तिला इथं बसवलं तेव्हा तिचे केस काळेभोर होते. आता ते मेंदीनं लाल झाले होते, हक्क मात्र तसूभरही ढळला नव्हता. मुलगा करीम माल आणायचा, सून अख्तरबानू फळीवरचे डबे काढून द्यायची, आणि बांगडी चढवायची वेळ आली की दोघांनी बाजूला व्हायचं असा नियम होता. हा नियम कुणी केला, असं विचारण्यात अर्थ नव्हता, कारण तो नूरबानूनंच केला होता.

काचेची बांगडी भरणं हे बघणाऱ्याला पोरखेळ वाटतं. उजव्या हातानं गिऱ्हाइकाचा पंजा दाबायचा, तिचा अंगठा तळव्याकडे वळवायचा, बोटांची हाडं जवळ आणायची, आणि हात मऊ पडला की डाव्या अंगठ्यानं बांगडी अलगद पुढं सरकवायची. दाबणं हे ताकदीचं काम, सरकवणं हे नाजूक. गप्पा चालू ठेवायच्या म्हणजे बाईचं लक्ष हाताकडे जात नाही. नूरबानूच्या गप्पा ऐकायला तर काही बायका गरज नसताना बांगड्या भरायच्या, असं पेठेत बोललं जायचं. ती हे ऐकून खूश व्हायची आणि वर वर रागवायची.

पण गेल्या वर्षापासून उजव्या अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागला. मग डाव्यानंही भावाला साथ द्यायची ठरवली. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना, कुलपात किल्ली फिरेना, ओला रुमाल पिळला की डोळ्यांत पाणी यायचं. नूरबानूनं हे कुणाला सांगितलं नाही. बांगडीवालीचा हात दुखतो हे कळलं तर कुठली बाई आपला हात तिच्या हातात देईल? शेवटी येरवड्याहून आलेल्या एका नवरीच्या हातावर चुड्यातली एक बांगडी वाढली. फुटली हा शब्द या धंद्यात तोंडातून काढायचा नसतो, वाढली म्हणायचं. पण शब्द कुठलाही वापरा, काच ती काचच. पोरीचं मनगट किंचित कापलं आणि तिच्या आईनं असं तोंड केलं की नूरबानूला रात्रभर ते दिसत राहिलं.

"अम्मी, पुरे आता," करीम दुसऱ्या दिवशी म्हणाला. "अख्तरला बसू दे गादीवर. तू शेजारी खुर्ची टाकून बस, लोकांशी बोल."

"खुर्चीवर बसवून माझा फोटोच लाव ना भिंतीवर. हारही घाल."

"मी कुठं मागितलीय गादी?" अख्तरबानू डबे पुसता पुसता म्हणाली. ती कमी बोलायची. नूरबानूच्या मते ते चांगलं नव्हतं, कारण न बोलणाऱ्या माणसाचा थांग लागत नाही.

बरीच बोलाचाली झाली आणि मायलेकांत एक ठरलं. कात्रजच्या आनंदीबाईंच्या नातीचं, हेमाचं, लग्न ठरलं होतं. आनंदीबाई पूर्वी पेठेतच राहायच्या. मुलानं कात्रजला फ्लॅट घेतल्यावर तिकडं गेल्या, पण बांगड्या भरायला अजून बसनं कसब्यात येत. त्यांच्या घरच्या प्रत्येक लग्नाचा चुडा नूरबानूनं भरला होता. हेमाचाही तीच भरणार. नवरीच्या हातावर एक जरी बांगडी वाढली, तर नूरबानू आपण होऊन गादीवरून उठणार. नाही वाढली, तर करीमनं हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"कबूल?" नूरबानूनं विचारलं.

"कबूल. पण आधी डॉक्टरला हात दाखव."

"दाखवते की. मी काय घाबरते?"

घाबरत होती. पण ते तिनं स्वतःलाही कळू दिलं नाही.

शनिवार पेठेतल्या डॉ. सुनीती हाताचीच दुखणी बघायच्या. चेहरा हसरा, बोलणं तुटक. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि अंगठ्याच्या बुडाचा सांधा दाखवला. तिथली गादी झिजली होती. गादी हा शब्द ऐकून नूरबानूनं करीमकडं असं बघितलं, की जणू त्यानंच डॉक्टरांना शिकवून ठेवलं होतं.

"पट्टा देते, तो वापरायचा. व्यायाम सांगते, ते करायचे. आणि हवं असेल तर सांध्यात इंजेक्शन देता येतं," डॉक्टर म्हणाल्या. "एक स्टेरॉइडचं. त्यानं बहुतेकांना लवकर आराम पडतो, पण तो काही महिन्यांत ओसरू शकतो, आणि ते सारखं सारखं देता येत नाही. दुसरं जेलचं, वंगणासारखं. त्याला वेळ लागतो. कुणाला ते जास्त टिकतं, कुणाला काहीच फरक पडत नाही."

"मग त्यातलं भारी कुठलं?"

"तेच तर नक्की सांगता येत नाही. खूप ठिकाणी तुलना करून बघितलीय. कुठं हे पुढं, कुठं ते. काही जणांना तर नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शननंही बरं वाटलं."

"मिठाचं पाणी माझ्या घरी आहे," नूरबानू म्हणाली. "त्यासाठी मी शनिवारात कशाला येऊ?"

डॉक्टर हसल्या. नूरबानूनं मात्र मनाशी हिशेब मांडून टाकला होता. दुकानात एखादी बाई लाल घेऊ की हिरवी असं करत बसली की ती काय करायची? एका हातात लाल चढवायची, दुसऱ्या हातात हिरवी. दोन्ही हात शेजारी धरले की बाईला आपोआप कळायचं. आयुष्यभर हजारो बायकांचा गोंधळ तिनं असाच सोडवला होता. मग दुखण्याचा सोडवायला काय हरकत होती?

"उजव्याला ते पहिलं द्या, डाव्याला जेल. मी सांगते तुम्हाला भारी कुठलं."

"अहो नूरबानू, बांगड्यांची गोष्ट वेगळी. दोन्ही हात एकच काम करत नाहीत. एकाला जास्त श्रम, एकाला कमी. त्यावरून औषधाचा निकाल लावता येत नाही."

"तुम्ही द्या तर खरं."

औषध म्हणून दोन्ही योग्यच होती, त्यामुळं डॉक्टरांनी दिली. निकालाचं मात्र मनावर घेऊ नका, असं त्यांनी निघताना पुन्हा बजावलं. नूरबानूनं ते एका कानानं ऐकलं.

आठवड्याभरात उजवा अंगठा असा हलका झाला, की तिनं लोणच्याची बरणी उगाचच दोनदा उघडून बंद केली. डावा होता तसाच. महिना झाला, उजवा ठणठणीत, डावा कुरकुरतोय. दोन महिने झाले तरी तेच, उलट डावा थोडा जास्तच बोलायला लागला. नूरबानूचा निकाल तयार झाला आणि तो तिनं स्वतःजवळ ठेवला नाही. शेजारच्या कापडवाल्या विजयमालाबाईंची आई, दूधवाल्या संपतची सासू, कुणाकुणाचे अंगठे दुखत होते ते सगळे तिच्या दुकानात यायला लागले. बांगड्या राहिल्या बाजूला, गादीवर दवाखाना भरला.

"जेलच्या नादाला लागू नका," ती हात नाचवत सांगायची. "माझे दोन हात बघा. हा उजवा, हा डावा. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"डॉक्टर तर म्हणाल्या होत्या ना..." अख्तरबानूनं एकदा तोंड उघडलं.

"डॉक्टर शिकलेल्या आहेत. अंगठे माझे आहेत."

अख्तरबानूनं पुन्हा डबे पुसायला घेतले.

लग्नाला पंधरवडा उरला असताना आनंदीबाई बांगड्या पसंत करायला आल्या. सोबत हेमा. आनंदीबाई ऐंशीला टेकल्या होत्या, पण जीभ चाळिशीतली होती. हेमानं हात पुढं केले, नूरबानूनं डोळ्यांनीच माप घेतलं आणि मनात म्हणाली, या अल्ला. पोरगी दर रविवारी डोंगरातले कडे चढायला जायची. पंजा रुंद, हाडं कणखर, तळव्याला घट्टे. पण सव्वादोनचं माप तिच्या मनगटाला शोभणार होतं आणि मोठं माप घातलं तर चुडा ढिला, उसना आणल्यासारखा दिसणार होता.

"आधी माझ्या हातात भर," आनंदीबाई म्हणाल्या. "नमुना म्हणून. नवरीला बघू दे किती सोपं असतं ते."

नूरबानूनं त्यांचा हात हातात घेतला. उन्हाळा कसा काय, सूनबाई कशा, लग्नाला किती माणसं, असं बोलत बोलत तिनं दाबायला सुरुवात केली. आनंदीबाई खाली, आपल्या हाताकडं बघत होत्या.

"नूरबानू, तू डावरी कधी झालीस?"

"मी? मी कशाला डावरी होऊ?"

"मग डाव्यानं का दाबतेयस? आजवर तू माझा हात उजव्यानं दाबत आलीस. तुझा अंगठा इथं, या हाडावर यायचा. आज दुसरीकडं आलाय. मला काय कळत नाही?"

नूरबानूनं खाली बघितलं. आनंदीबाईंचा पंजा तिच्या डाव्या हातात होता. बांगड्या उजव्या हातात होत्या. हात आपसांत कामं बदलून बसले होते आणि मालकिणीला त्याची खबर नव्हती.

"महिना-दीड महिना झाला," अख्तरबानू फळीजवळून हळूच म्हणाली. "तुम्ही असंच भरताय."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दामच करताय."

नूरबानूनं हात बदलला. उजव्या अंगठ्यानं आनंदीबाईंचा पंजा पूर्वीसारखा दाबला आणि तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. उजवा अंगठा बरा झालाच नव्हता. झाला असेल तर पहिले काही आठवडे. मग दुखणं परतलं होतं आणि हातानं गुपचूप जड काम शेजाऱ्याच्या गळ्यात मारलं होतं. ज्याला तिनं दोन महिने फुकट्या म्हणून हिणवलं, तो डावा अंगठा सगळं दुकान ओढत होता. आणि ज्याची तिनं गल्लीभर तारीफ केली, तो आराम करत होता म्हणून दुखत नव्हता. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच डॉक्टरांकडं गेली. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. डॉ. सुनीतींनी मी म्हटलं नव्हतं का, असं म्हटलं नाही, हे तिला फार बरं वाटलं.

"म्हणजे जेल भारी?" तिनं विचारलं.

"तेही म्हणता येत नाही. कदाचित त्याचा गुण असेल, कदाचित डावा सांधा मुळात कमी झिजला असेल. तुमची तुलना बिघडली, एवढंच खरं."

"आणि लग्नाला पंधरा दिवस आहेत."

"उजव्याला स्टेरॉइड इतक्यात पुन्हा देणार नाही. जेल आज दिलं तरी पंधरा दिवसांत भरवसा धरू नका. पट्टा बांधा. आणि मला विचाराल तर त्या दिवशी दाबायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"दुसऱ्या कुणाला दिलं तर मग मी तिथं काय करणार?"

यावर डॉक्टरांकडं इंजेक्शन नव्हतं. येता येता नूरबानूनं विजयमालाबाईंच्या आईकडं जाऊन सांगितलं, की मी जे बोलले ते विसरा, डॉक्टर सांगतील तेच घ्या. संपतच्या सासूलाही सांगितलं. बोललेलं परत घ्यायला घरोघर जाणं तिच्या स्वभावात नव्हतं, तरी गेली. गादीचं मात्र तिनं मनाशी पक्कं ठरवलं. डावा तर डावा. आपण आयुष्यात एक बांगडी जरी जोर करून ढकलली असेल तर शपथ, आणि हेमाचा हात काही लोखंडाचा नाही.

बांगड्या भरायच्या दिवशी आनंदीबाईंच्या फ्लॅटचा हॉल बायकांनी भरून गेला. सतरंजीवर नूरबानू, मागं डबे घेऊन अख्तरबानू, दाराशी करीम. आधी काकवा, मावश्या, वहिन्या. नूरबानू डाव्यानं दाबत होती, उजव्यानं सरकवत होती आणि तोंडाचा पट्टा असा सोडला होता की बायका हसून हसून कलंडत होत्या. एकेक हात हिरवा होत गेला. तिला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. दुपार कलली तेव्हा डावा अंगठा बुडाशी तापला होता, पण तो अजून हुकमात होता.

मग हेमा बसली.

पहिल्या हाताच्या पहिल्या बांगड्या मनगटापर्यंत गेल्या. घामानं नूरबानूचा पदर ओला झाला. हेमानं दात दाबून धरले होते. पुढची जोडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. नूरबानूनं डाव्यानं दाबलं. हाड हललं नाही. आणखी दाबलं. डाव्या अंगठ्यातून कळ उठून कोपरापर्यंत गेली आणि पकड सुटली. बांगड्या तिथंच, हाडावर ताणून बसल्या. मागंही जाईनात, पुढंही जाईनात. काचेचा तो बारीक ताण नूरबानूला बोटांत कळत होता. आता जोर केला तर वाढणार हे तिला ठाऊक होतं. तिच्या गप्पा थांबल्या, आणि गप्पा थांबल्या तसा हॉलही गप्प झाला.

करीम दारातून आत आला नाही, पण त्यानं मान खाली घातली. ते बघून नूरबानूला संताप आला. हा पोरगा आधीच आपल्यासाठी दुःखी होऊन बसला होता! आणि संतापातच तिला स्वच्छ दिसलं, की ही गादी वाचवण्यासाठी ती या पोरीच्या हातावर काच ढकलायला निघाली होती. आजवर जे कधी केलं नाही, ते.

"अख्तर," ती म्हणाली. "डबे ठेव. इथं ये."

अख्तरबानू आली.

"हात धर हिचा. दाब."

"मी?"

"मग काय करीमला बोलावू?"

अख्तरबानूनं गुडघे टेकले, हेमाचा पंजा दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. नूरबानू सांगायला तोंड उघडणार होती, की अंगठा आत घे, या हाडावर नको, त्या बाजूनं. सांगावं लागलं नाही. अख्तरबानूचा अंगठा नेमका तिथं गेला जिथं नूरबानूचा जायचा. हाड सैल पडलं. नूरबानूनं उजव्या अंगठ्यानं, नाजूक कामाच्या अंगठ्यानं, जोडी सरकवली आणि ती मनगटावर जाऊन किणकिणली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. दोघींचे हात एकमेकींना वाट देत होते. दुसराही हात भरला. एकही बांगडी वाढली नाही.

"कुणी शिकवलं तुला?" नूरबानूनं हळू आवाजात विचारलं. "मी तर कधी हात लावू दिला नाही."

"लग्न होऊन आले तेव्हापासून दर ईदला तुम्हीच माझ्या हातात भरताय, अम्मी," अख्तरबानू म्हणाली. "तुमचा अंगठा कुठं येतो ते माझ्या हाताला माहीत आहे."

इतकी वर्षं नूरबानू सुनेला डबे पुसायला लावत होती आणि दर ईदला तिच्या हातात सगळी विद्या देऊन बसत होती. तिनं अख्तरबानूचा चेहरा जणू पहिल्यांदा बघितला. कपाळावर घाम, नाकावर चष्मा घसरलेला, ओठ गच्च मिटलेले. ही बाई आपल्याला आवडते, असं तिच्या मनात आलं आणि ते इतक्या उशिरा आलं याचं वाईटही वाटलं.

शेवटी आनंदीबाई बसल्या आणि नेहमीच्या हक्कानं त्यांनी हात नूरबानूपुढं धरला. नूरबानूनं तो घेतला नाही.

"अख्तर दाबेल," ती म्हणाली.

"मला विचारलंस?"

"नाही विचारलं."

आनंदीबाईंनी नाक मुरडलं, पण हात वळवला. बांगड्या भरून झाल्यावर त्यांनी तो उजेडात फिरवून बघितला.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा हलक्या हातानं दाबते."

दोन्ही अंगठ्यांनी मिळून दिलं नव्हतं एवढं दुखणं त्या एका वाक्यानं नूरबानूला दिलं. मग तिनं सुनेकडं बघितलं. अख्तरबानू लाजून लाल झाली होती, आणि ते बघताना नूरबानूला हसू आलं, खरं खरं हसू आलं.

परतीच्या रिक्षात करीम पुढं ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसला होता. स्वारगेट मागं पडल्यावर वळून म्हणाला, "अम्मी, तू जिंकलीस. एकही वाढली नाही. गादी तुझी, मी पुन्हा विषय काढणार नाही."

"नको काढूस," नूरबानू म्हणाली. "उद्या पिंजाऱ्याला बोलाव. आहे त्या गादीवर दोघी मावणार नाही आम्ही."